आत्याकडचा जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन घरी आणू, की सरळ नवा कीबोर्ड घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्याच्या नौपाड्यात आत्याच्या घरी यामाहाचा दोन मजली (पट्ट्यांच्या एकावर एक दोन रांगांचा) इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वीसेक वर्षं चादरीखाली पडून आहे. इमारत रिडेव्हलपमेंटला चालली आहे, महिन्याभरात घर रिकामं करायचंय. तुम्ही घोडबंदर रोडला राहता, पेटी बऱ्यापैकी वाजवता. ऑर्गन आणावा, भंगारात द्यावा, की त्यापेक्षा एखादा 'चांगला कॅसिओ' घ्यावा?

आणा. फक्त काही झालं तरी त्याचा प्लग आत्ता लावू नका.

मी नेरुळला राहतो, महापेच्या एमआयडीसीत मेंटेनन्स खात्यात आयुष्य गेलं. म्हणजे पुढची चूक ज्याने करायलाच नको होती, तो माणूस मी. माझा ऑर्गन मामांचा. मामा बोटीवर होते, ऐंशीच्या सुमारास त्यांनी तो जपानहून आणला. माझ्याकडे आला तेव्हा त्याला दोन चपट्या पिनांचा प्लग होता. मी तो कापला, आपला तीन पिनांचा लावला आणि खटका दाबला. दिवा लागला. दोनेक सेकंद तंबोऱ्यासारखी भरदार गुणगुण आली, मी खुशीत, आणि मग जळक्या वार्निशचा वास. स्वयंपाकघरातून फक्त एवढंच आलं, "अहो, काही लागलंय का खाली?"

जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० ची. फ्यूज उडायला हवा होता. पण फ्यूजच्या जागी कोणीतरी, बहुतेक मामांनीच, तांब्याची जाड तार पिळून ठेवली होती. ट्रान्सफॉर्मर गेला. वाइंडिंग करणाऱ्याकडून २३० वर चालेल असा नवा बनवून घ्यायला पाच आठवडे गेले, आणि त्या पाच आठवड्यांत घरात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माझ्याआधी बायकोने सांगितली.

तर आधी मागची धातूची पट्टी वाचा. तिथे नुसतं १०० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे २३० व्होल्ट उतरवून १०० करणारा, लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो. पट्टीवर जेवढे वॉट लिहिलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा घ्या, आणि ११० चा नाही, १०० चाच मागा. हेअर ड्रायरसाठी मिळतात त्या हलक्या कन्व्हर्टरच्या वाटेला जाऊ नका. निर्यातीसाठी बनलेल्या काही मॉडेलांना मागे व्होल्टेज निवडायचा खटका असतो. तसा असेल तर तो नेमका कुठे आहे ते बघा, 'असेल बरोबर' असं धरून चालू नका.

वीस वर्षं झोपलेल्या यंत्राला एकदम पूर्ण वीज द्यायची नसते, आतले कपॅसिटर सुकलेले असतात. कुठल्याही जुन्या वायरमनकडे सिरीज बल्ब असतो. शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब मध्ये जोडायचा (ट्रान्सफॉर्मर लावणार असाल तर त्याच्या आधी, २३० च्या बाजूला) आणि मग खटका दाबायचा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. फटफटीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा आणि जाणकाराला दाखवा. हे स्वतः करायची सवय नसेल तर वायरमनच्याच हातून करून घ्या.

आवाज आला की दुसरी परीक्षा, आणि ती तुम्ही पेटीवाले असल्यामुळे कानानेच होईल. खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबत जा. मधली एखादीच पट्टी गप्प असेल किंवा खरखरत असेल तर तिच्या खालच्या संपर्कावर मळ बसलाय. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे व्हायचंच. पण समजा कोमल धैवत खालच्या, मधल्या, वरच्या, सगळ्याच सप्तकांत गायब आहे, तर दुखणं वेगळं. या जुन्या ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराचा वरचा नाद एकदाच तयार होतो, आणि त्याची कंपनं दर टप्प्याला निम्मी करत खालची सप्तकं बनतात. मूळच आटलं की सगळे पाट कोरडे. याचा फायदा असा की सप्तकं आपसात कधी बेसूर होत नाहीत. पहिल्या प्रकारचं दुखणं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धीर यांनी बरं होतं. दुसऱ्याला इलेक्ट्रॉनिक्स कळणारा माणूस लागतो.

मागची फळी उघडताना मात्र तयारीत राहा. माझ्यात पालीची अंडी निघाली, झुरळांचं एक पूर्ण संस्थान निघालं आणि १९८३ सालचं किराण्याचं बिल.

आता हा ऑर्गन म्हणजे नक्की काय चीज आहे. आपल्या मराठी घरात 'ऑर्गन' म्हटलं की नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन डोळ्यांसमोर येतो. माझ्या वडिलांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, "मग हवा कोण भरणार?" इथे हवा नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांचा ऑर्गन बाजारात आला. त्यात दातेरी धातूची चक्रं चुंबकासमोर फिरून सूर निर्माण करायची. तो मुळात चर्चला परवडावा म्हणून, पण लोकांनी घरी नेला. यामाहाने आपला पहिला इलेक्टोन (त्यांच्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचं हेच नाव) १९५९ मध्ये काढला. त्यात फिरणारं काही नाही, सगळं इलेक्ट्रॉनिक. कधी कोणी तुम्हाला अमेरिकेतून आलेला जुना हॅमंड स्वस्तात देऊ केला तर एवढं ध्यानात ठेवा: त्याची मोटर विजेच्या ६० हर्ट्झवर चालायला बनलेली असते आणि आपली वीज ५० हर्ट्झची. मोटर तेवढी हळू फिरते आणि अख्खा ऑर्गन सुमारे तीन पट्ट्या उतरतो. काळी चार दाबा, पांढरी चार ऐकू येईल. इलेक्टोनला ही भानगड नाही.

घरगुती इलेक्टोनवर बहुधा ४४-४४ पट्ट्यांचे दोन मजले असतात, वरचा जरा उजवीकडे सरकलेला, आणि खाली पायाशी एका सप्तकाची पेडलं. उजवा पाय आवाज लहानमोठा करायच्या पेडलवर, डाव्या पायाने खर्ज. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच. बोट आहे तोवर सूर आहे, बोट उचललं की संपला. पियानोवाल्यांना हे जड जातं. तुम्हाला जाणार नाही, पेटीवर आपण तेच करतो. सूर न तोडता बोट बदलणं तुमच्या उजव्या हातात आधीच आहे.

खरी पंचाईत डाव्या हाताची. वीस-तीस वर्षं त्याने फक्त भाता मारलाय. पहिल्या आठवड्यात माझा डावा हात ऑर्गनवर बसेचना. उजव्या हाताने गाणं सुरू झालं की तो आपोआप हवेत मागेपुढे व्हायचा, म्हशीच्या शेपटीसारखा. ठाण्यात चर्चमध्ये वर्षानुवर्षं वाजवलेले एक ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातले) अंकल ओळखीने भेटले. त्यांनी ते एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "पेटीवाला ना तू? मग त्या हातावर बस." चेष्टा वाटली, पण खरंच बसवलं. महिनाभर डावा हात मांडीखाली, उजव्या हाताने चाल आणि डाव्या पायाने फक्त दोन सूर, सा आणि प. खाली बघायचं नाही. काळ्या पेडलांमध्ये जिथे मोठी फट असते ती पायाच्या बोटांनी चाचपायची आणि तिथून मोजायचं. बूट नाही, मोजे घालून. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी माझा पाय माझ्या आधीच पंचमावर जाऊन थांबला होता. त्या वेळी जे वाटलं ते कुठल्याही कीबोर्डवर वाटलेलं नाही, आणि मी तुम्हाला 'आणा' म्हणतोय ते एवढ्यासाठीच. पाय सुधारल्यावर मग अंकलनी हात सोडवला.

यातली तालपेटीही मजेची असते. वॉल्ट्झ, रुंबा, बोसा नोव्हा, मार्च, स्लो रॉक. केरवा नाही, दादरा नाही, भजनी ठेका तर सोडाच. आम्ही वॉल्ट्झवर दादऱ्यातली भावगीतं बसवतो. चालतं. तबलजी मित्राला मात्र घरी बोलावून ऐकवू नका.

नवा कीबोर्ड वाईट का? अजिबात नाही, माझ्याकडे तोही आहे. १९८० मध्ये कॅसिओचा पहिला कॅसिओटोन आला, आणि पुढे या छोट्या वाद्यांनी घरगुती ऑर्गनचा बाजार बसवलाच. आपल्याकडे तर ब्रँडचं नाव वाद्याला चिकटलं, 'पोराला कॅसिओ आणलाय, यामाहाचा' असं लोक सरळ म्हणतात. यामाहाची पीएसआर-आय मालिका किंवा कॅसिओची शेवटी 'आयएन' असलेली मॉडेलं खास भारतासाठी आहेत, त्यांत आपले ताल आणि आपल्या वाद्यांचे आवाज मिळतात. ६१ पट्ट्यांच्या खाली जाऊ नका, आणि टच रिस्पॉन्स (पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा) हवाच. शिवाय स्केल ट्यूनिंग, म्हणजे एकेक सूर किंचित चढवा-उतरवायची सोय, आहे का विचारा. पेटीवर तुम्ही शास्त्रीय वाजवत असाल तर टेम्पर्ड (बारा सुरांत सारखं अंतर ठेवून जुळवलेला) गंधार तुम्हाला खुपत असणार. तो शुद्ध गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, म्हणजे एका पट्टीच्या अंतराचा सातवा भाग. ही सोय असलेल्या कीबोर्डवर तो उतरवता येतो, जुन्या ऑर्गनवर नाही. पेटीच्या अशाच मर्यादांवरून वाद होऊन आकाशवाणीने १९४० मध्ये तिला दार बंद केलं आणि ते उघडायला १९७१ उजाडलं. त्यामुळे हा प्रश्न फालतू समजू नका.

ऑर्केस्ट्रा आणि हळदीला वाजवणाऱ्या मुलांचं जग वेगळंच आहे. त्यांच्या हातात रोलंडचा एक्सपीएस-१० कीबोर्ड दिसेल, शेजारी ऑक्टापॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), खिशात पेनड्राइव्ह आणि त्यात टोन, म्हणजे कीबोर्डात भरायचे वाद्यांचे आवाज. सनई कोणाकडची चांगली, बेंजो कोणाचा खणखणीत, यावर त्यांच्या तासन्‌तास गप्पा चालतात. जुने लोक नाकं मुरडतात की हे खरं वाजवणं नव्हे. मला ते पटत नाही. 'नागिन' (१९५४) मधली सगळ्या देशाला डोलवणारी पुंगी पुंगी नव्हतीच. ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर काढली होती, साथीला रवी यांची पेटी. टोन शोधायचं वेड आपल्याकडे तेव्हापासूनचं आहे.

माणसं भेटतात का, असंही तुम्ही विचारलंय. जुन्या ऑर्गनवाली फार नाहीत. ठाणे-नवी मुंबईत माझ्या ओळखीची आम्ही पाच डोकी, त्यातले दोघे बँकेतून निवृत्त. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी बसतो, निम्मा वेळ वाजवण्यात आणि निम्मा खोलण्यात जातो. कीबोर्डवाले मात्र पोत्याने. गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असेल तर मध्यंतरात स्टेजच्या कडेला जाऊन कीबोर्डवाल्याशी दोन शब्द बोला. या लोकांना कोणी वाद्याबद्दल विचारलं की चहा थंड होईपर्यंत बोलतात. आणि चर्चमध्ये वाजवणारी मंडळी विसरू नका. पायाचं काम जाणणारी माणसं आता तिथेच उरली आहेत.

आता हलवायचं. टेप घेऊन जा आणि ऑर्गनच्या आधी तुमच्या टॉवरची लिफ्ट मोजा. माझा लिफ्टमध्ये आडवा मावला नाही आणि उभा करायला मी धजावलो नाही, चौथ्या मजल्यापर्यंत तीन हमाल आणि मी जिन्याने. पेडलांचा भाग सुटा होतो का ते आधी बघा, ओझं बरंच कमी होतं. टेम्पो बंदिस्त मागा, जून-जुलै असेल तर दोनदा बजावा. घरात भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा. सोसायटीची काळजी असेल तर बहुतेक इलेक्टोनला हेडफोनचं भोक असतं. त्याची पिन जाडी असते, अडॅप्टर लागेल.

आणि बाक. घर रिकामं करताना ऑर्गन लक्षात राहतो आणि त्याचा बाक देव्हाऱ्याखाली किंवा कुंड्यांखाली गेलेला असतो. तो शोधून आणाच. जेवणाच्या खुर्चीवर बसलात तर पाय पेडलांवर नीट पोचत नाहीत आणि गुडघे वर आपटतात. बऱ्याच बाकांची वरची फळी उघडते, आत कप्पा असतो. माझ्या बाकात मूळ पुस्तिका होती, जपानी भाषेत, आणि तिच्या पहिल्याच पानावर मामांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'फक्त १०० व्होल्ट'. बाक मला ऑर्गननंतर दोन महिन्यांनी मिळाला.