'प्रस्थापित लोकशाही' कानाला का खटकते?

अमळनेरच्या एका प्राध्यापकांनी विचारलंय: चर्चासत्राच्या फलकावर 'नवोदित व प्रस्थापित लोकशाह्यांसाठी संशोधन आणि संवाद' असं लिहायचंय. 'लोकशाह्या' चालेल का? आणि 'प्रस्थापित' का खटकतंय?

अनेकवचनाचं आधी उरकतो. नदी-नद्या, तसं लोकशाही-लोकशाह्या. बहमनी राज्य फुटून 'पाच शाह्या' झाल्या हे शाळेत वाचताना कुणाचा कान अडत नाही. तरी बोलण्यात 'लोकशाही देश' सहज येतं, मी तेच लिहीन.

खरी अडचण 'प्रस्थापित'ची. कोशात त्याचा अर्थ नीट स्थापन झालेला, बस. पण दलित पँथरच्या, म्हणजे 1972 च्या आसपासच्या काळापासून मराठीत हा शब्द आरोपासारखा वापरला जातो. आपल्याकडे विकास सोसायटी असो की जिल्हा बँक, निकालाच्या दुसऱ्या दिवशी 'प्रस्थापितांना धक्का' हा मथळा ठरलेला. तुमचा फलक वाचून लोकांना वाटेल, चार घराण्यांच्या हातातली लोकशाही! (काही ठिकाणी ते खरंही असेल, पण चर्चासत्राचा विषय तो नाही.)

'नवोदित'लाही वास आहे. तो म्हटला की पुढे 'कवी' येतो आणि पाठीवर थाप पडते. शिवाय इथे देश नवा नसतो, पद्धत नवी असते. भूतानचं राज्य जुनं, पण राष्ट्रीय सभेची पहिली निवडणूक 2008 मध्ये झाली. त्याला नवोदित कसं म्हणणार?

'प्रस्थापित'च्या जागी 'रुळलेली' घ्या. त्यात काळ येतो, प्रतिष्ठेचा तोरा येत नाही. आणि कोण किती रुळलंय हे मोकळंच राहतं. स्वित्झर्लंड जुन्यांत मोडतो, पण तिथल्या बायकांना देशपातळीवर मत मिळालं 1971 मध्ये. आपल्याकडे 1951-52 च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत स्त्री-पुरुष दोघांनाही मत होतं. प्रौढ मतदानाने निवडलेली घटना समिती हवी, ही मागणी तर 1936 मध्ये आपल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनातही झाली होती.

अहिराणीत मी 'मुरेल लोकशाही' म्हटलं असतं. लोणचं मुरेल, म्हणजे मुरलेलं. पण प्रमाण मराठीवाला त्याचा भविष्यकाळ करील: अजून मुरायची आहे! गंमत म्हणून दोन्ही अर्थ मला पटतात, फलकावर मात्र घोळ होईल.

राहिला 'संवाद'. आजकाल 'संवाद मेळावा' म्हणजे एक जण माईकवर आणि बाकीचे खुर्च्यांवर. तुमच्याकडे खरंच दोन्ही बाजू बोलणार असतील, तर 'विचारविनिमय' लिहा.

एकूण फलक असा: 'उभ्या राहणाऱ्या आणि रुळलेल्या लोकशाही देशांसाठी संशोधन व विचारविनिमय'. कापडावर मावत नसेल तर वर मोठ्या अक्षरात 'लोकशाही: नवी आणि रुळलेली', बाकीचं खाली बारीक.