चुंबकाने थेंब हलवणारं रबर आणि बारावीनंतरची वाट

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, जेईईचा क्लास चालू आहे. मध्यंतरी तिने एक व्हिडिओ पाहिला. काळ्या रबरावर पाण्याचा थेंब चिकटून बसलेला आणि खालून चुंबक आणलं की तो घरंगळतो. तेव्हापासून ‘मला हेच करायचंय’ म्हणते. तिचा मामा म्हणतो, कॉम्प्युटरच घे. या विषयाची डिग्री मुंबईत कुठे मिळेल? क्लास बदलायचा का?
– एक आई

उत्तर : ताई, या विषयाची अशी वेगळी डिग्री शोधत बसू नका. हे काम भौतिकशास्त्रवाले करतात, पॉलिमरवाले (रबर-प्लास्टिकसारख्या पदार्थांचे अभ्यासक) करतात आणि यंत्रं बनवणारेही करतात. त्यामुळे लेकीला यातलं नेमकं काय खुणावतंय, हे आधी कळायला हवं.

त्या रबरात काय चालतं ते थोडक्यात सांगते. सिलिकॉन रबर पातळ असतानाच त्यात लोखंडाची अतिशय बारीक भुकटी मिसळतात, कण जेमतेम काही मायक्रोमीटरचे (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग ते घट्ट होऊ देतात. चुंबक जवळ आलं की हे कण चुंबकीय रेषांच्या दिशेने रांगा धरू पाहतात. शाळेत कागदावर लोहकीस पसरून आपण हेच पाहिलेलं असतं. इथे मात्र कण रबरात अडकलेले असल्यामुळे रबरही त्यांच्याबरोबर ओढलं जातं. ते कडक होतं आणि गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक सुळके उभे राहतात. चुंबक काढलं की रबराचा ताण सगळं परत खाली बसवतो.

पाण्याला चुंबक ओढत नाही, बदलतो तो थेंबाखालचा पृष्ठभाग. थेंब सुळक्यांच्या टोकांवर टेकला आणि खाली हवा राहिली, तर तो सहज घरंगळतो. पाणी सुळक्यांमधल्या फटींत शिरलं, तर तोच थेंब घट्ट धरला जातो. यातल्या दुसऱ्या अवस्थेचं समीकरण वेन्झेल या संशोधकाने १९३६ मध्ये आणि पहिल्या अवस्थेचं कॅसी आणि बॅक्स्टर या संशोधकांनी १९४४ मध्ये मांडलं. पण पृष्ठभाग थेंबाखालीच बदलत असेल तर काय होतं, वरून आदळलेला थेंब उसळतो की फुटतो, यावर आजही जोमाने काम चालू आहे. तुमच्या लेकीला भावलेला विषय खरोखर खोल आहे, आणि मला तिचं फार कौतुक वाटतं.

आता एका रविवारी तिला हे करू द्या. बाजारातून अळूचं पान आणा. पानावर, स्टीलच्या ताटावर आणि काचेवर एकेक थेंब सोडायचा, मोबाइल थेंबाच्या पातळीला धरून बाजूने फोटो काढायचा आणि थेंबाची कड पृष्ठभागाशी आतून, म्हणजे पाण्याच्या बाजूने, किती अंशाचा कोन करते ते फोटोवर कोनमापकाने मोजायचं. काचेवर कोन लहान येईल, अळूवर थेंब जवळजवळ गोळाच दिसेल. प्रयोगशाळेतही हीच मोजणी करतात, फक्त उपकरण नेमकं असतं. लोखंडाची भुकटी मात्र घरी आणू नका. ती श्वासात जाते, पेटूही शकते.

मोजून झाल्यावर ती काय विचारते, इकडे कान द्या. ‘असं रबर बनवायचं कसं?’ असं विचारलं, तर माटुंग्याची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था. तिथे पॉलिमर आणि सरफेस कोटिंगचे बी.टेक. आहेत, प्रवेश एमएचटी-सीईटी आणि जेईई मेनवर. लालबागहून अंतरही फार नाही. ‘थेंब असा का वागतो?’ हा प्रश्न आला, तर भौतिकशास्त्र. त्यासाठी कालिन्याच्या सीईबीएसमध्ये, म्हणजे मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाच्या मूलभूत विज्ञान केंद्रात, पाच वर्षांचं एकत्रित एम.एस्सी. आहे, त्यासाठी नेस्ट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिच्या अर्जाची तारीख निसटू देऊ नका. साध्या कॉलेजातून बी.एस्सी. करून पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी.ला जाणारी मुलंही कमी नाहीत. आणि ‘याचं यंत्र करता येईल का?’ असं विचारलं, तर मेकॅनिकल. जेईई अॅडव्हान्स्ड चांगली गेली, तर पवईच्या आयआयटीचा मेटलर्जी आणि मटेरिअल्स (धातू आणि पदार्थविज्ञान) विभाग मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

पैशाचं स्पष्टच बोलू. संशोधनच करायचं तर पीएच.डी. लागते, म्हणजे सत्ताविशी-अठ्ठाविशीपर्यंत शिक्षण. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं भत्ता मिळतो. त्यात तिचा खर्च भागेल, घराचा हप्ता भागणार नाही. ही वर्षं तुम्हाला झेपतील का, हे तिच्यासमोर बसून बोला. पीएच.डी. नाही केली तरी रंग, रबर, टायर, कापडावरची प्रक्रिया, वैद्यकीय तपासणीची किट, या सगळ्या उद्योगांना पृष्ठभाग समजणारी माणसं लागतात. याच जातीचा एक पदार्थ, लोहकण घातलेलं तेल, १९४८ मध्ये अमेरिकेत जेकब रॅबिनोव यांनी क्लचसाठी वापरला आणि २००२ मध्ये तो कॅडिलॅक गाडीच्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये आला. प्रयोगशाळेतून रस्त्यावर यायला पन्नासहून अधिक वर्षं लागली, हेही तिला माहीत असू द्या.

मामांचं म्हणणं अगदीच सोडून देऊ नका. थेंबाच्या अभ्यासात सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर केलेला प्रयोग) आणि फोटोंचं विश्लेषण खूप असतं, त्यामुळे बारावीची परीक्षा झाली की सुट्टीत तिने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी. त्यासाठी कॉम्प्युटरची डिग्री लागत नाही.

क्लास बदलू नका. बारावीनंतरच्या वरच्या प्रत्येक प्रवेश परीक्षेला हेच भौतिक, हेच रसायन आणि हेच गणित आहे. ती गणितात मागे पडत असेल, तर आत्ता फक्त तेवढ्याकडे लक्ष द्या. पदवीला गेल्यावर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ‘नियस’ या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमासाठी अर्ज करायला सांगा. पहिल्या-दुसऱ्या वर्षातच खऱ्या संशोधकांबरोबर काम करायची संधी तिथे मिळते. आणि अळूच्या पानाचे आकडे आले की मला जरूर कळवा.