नॅनो कण आणि लाइटने डोळे परत येतात का?

प्रश्न : ताई नमस्कार, माझ्या बाबांना रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्याच्या पडद्याच्या पेशी हळूहळू मरण्याचा आजार) आहे, रात्रीचं तर आधीच दिसत नव्हतं आता दिवसाही फक्त समोरचंच दिसते. एक जण म्हणाला सोन्याचे नॅनो कण डोळ्यात सोडून लाइट मारला की पेशी पुन्हा काम करतात, पैसे बरेच सांगितले आहेत. खरंच होते का असं? आणि नागपूरच्या मे मधल्या उन्हात ते कण डोळ्यात गरम नाही होणार का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, आधी एवढंच करा की एक रुपयाही देऊ नका. लाइटने पेशी चालवायचं संशोधन खरं आहे, पण तुम्हाला सांगितलं ते इलाज म्हणून अजून कुठेच मिळत नाही. सोन्याचे कण इन्फ्रारेड लाइट शोषून तापतात, अमेरिकेत प्रोस्टेटच्या कॅन्सरवर त्याची ट्रायल झाली, पण तिथे काम पेशी मारायचं होतं, जागं करायचं नाही, आणि लेझर आत फायबर घालून दिला होता. उन्हात लेझरएवढा जोर नसतो, त्यामुळे मला काळजी उन्हाची नाही, डोळ्यात सुई कोण घालतंय त्याची आहे, इन्फेक्शन झालं तर आहे ती नजरही जाईल.

तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं काम इटलीतलं, २०२० मध्ये त्यांनी आंधळ्या उंदरांच्या डोळ्यात लाइट पडला की विजेचा इशारा देणारे पॉलिमरचे, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचे, नॅनो कण सोडले आणि उंदरांची नजर बरीच सुधारली. पण ते उंदीर, माणूस नाही. माणसात जे झालं ते वेगळ्या वाटेने, पॅरिस आणि स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या टीमने २०२१ मध्ये सांगितलं की याच आजाराने चाळीसेक वर्षांपासून त्रस्त ५८ वर्षांच्या एका माणसाच्या डोळ्यात शेवाळातल्या लाइट ओळखणाऱ्या प्रोटीनचा जीन इंजेक्शनने दिला, आणि खास गॉगल लावून कित्येक महिने सराव केल्यावर त्याला टेबलावरची वही, ग्लास कुठे आहे ते कळायला लागलं. चेहरे ओळखणं, वाचणं नाही बरं का. तरी मला ही फार मोठी गोष्ट वाटते, इतकी वर्षं अंधारात काढलेल्या माणसाला समोरची वस्तू शोधून तिला हात लावता आला!

आता तुम्ही काय करायचं. तो माणूस ट्रायल म्हणत असेल तर सीटीआरआय (ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर मागा, भारतात ट्रायलची नोंद तिथे करावीच लागते आणि ट्रायलमधल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर उठून या. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागात बाबांना दाखवा आणि जीन टेस्टबद्दल विचारा, कारण आरपीई६५ नावाच्या जीनमध्ये बिघाड असेल तर त्यावरची जीन थेरपी अमेरिकेत २०१७ पासून मंजूर आहे, फार महाग आहे आणि थोड्याच पेशंटना लागू पडते, पण निदान कुठला जीन आहे ते कळेल. आजार घराण्यातून येतो, म्हणून तुमचे आणि भावंडांचेही डोळे त्याच दिवशी तपासून घ्या.