१६ वर्षे मुरलेली लागावुलिन कशी चाखावी?

लागावुलिनची १६ वर्षे मुरलेली बाटली भेट मिळाली, पण पहिल्याच घोटाला आयोडिनसारखा वास आला. तेव्हा ही व्हिस्की चाखावी कशी आणि तिच्यात पाणी घातले तर चालते का, असे आपण विचारले आहे. आपली बाटली खराब नाही. तो वास या सिंगल माल्टचा, म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या व्हिस्कीचा, मूळ स्वभाव आहे.

लागावुलिनची डिस्टिलरी स्कॉटलंडच्या आयला बेटावर, दक्षिण किनाऱ्याला आहे. तेथे मोड आणलेली बार्ली वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे इंधन. त्याच्या धुरातील फेनॉल आणि क्रेसॉल यांमुळे औषधी वास येतो, तर ग्वायाकॉलमुळे धुरकट. पिंपात वर्षे जातात तसा या धुराचा जोर ओसरतो आणि ओक लाकडातून उतरलेला व्हॅनिला, सुक्या फळांचा गोडवा आणि किंचित तुरटपणा पुढे येतो. त्याच बेटावरची १० वर्षांची आर्डबेग शेजारी ठेवून पाहिल्यास हा फरक लगेच लक्षात येतो. म्हणूनच लागावुलिन चाखताना धूर किती आहे यापेक्षा धुराच्या मागे काय उभे आहे, हे शोधावे.

त्यासाठी तोंडाशी निमुळता होणारा छोटा ग्लास घ्यावा, त्यात १५ ते २० मिलिलिटर व्हिस्की ओतावी आणि दहा मिनिटे ती तशीच राहू द्यावी. ग्लास वाइनसारखा जोरात फिरवू नये, कारण त्याने अल्कोहोलच आधी नाकात चढते. नाक ग्लासच्या काठापासून थोडे दूर ठेवून, ओठ किंचित उघडे ठेवून हलकेच वास घ्यावा, मध्ये थांबावे आणि पुन्हा घ्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला नाक धुराला सरावते आणि मगच बाकीचे वास सुटे होऊ लागतात. घोट अगदी लहान घ्यावा, तो जिभेवर काही क्षण फिरवावा आणि गिळल्यानंतर नाकावाटे श्वास सोडावा; चवीचा निम्म्याहून अधिक भाग मला तरी तेव्हाच कळतो. मसाला शेंगदाणे आणि शेव मात्र नंतरसाठी ठेवावेत. त्या चखण्यापुढे कोणत्याही माल्टचा निभाव लागत नाही.

पाणी घालण्यात काहीही गैर नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधील लिनेअस विद्यापीठाच्या ब्यर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकीय प्रतिरूपांच्या आधारे दाखवले की अल्कोहोलचे प्रमाण ५९ टक्क्यांच्या आसपास असताना ग्वायाकॉल द्रवाच्या पोटात दडून राहतो आणि ते ४५ टक्क्यांपर्यंत उतरले की पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे त्याचा वास नाकाला सहज मिळतो. आपली बाटली बहुधा ४३ टक्क्यांची, म्हणजे हे काम बरेचसे आधीच झालेले आहे. म्हणून आधी तशीच चाखावी आणि मग साधे पाणी थेंबाथेंबाने घालून प्रत्येक वेळी वास घेऊन पाहावा. बर्फाला मात्र माझा विरोध आहे, कारण थंडीने सुगंधी घटकांचे बाष्पीभवन मंदावते आणि जीभही बधिर होते. मे महिन्याच्या उकाड्यात बाटली आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलेली एक वेळ परवडली.

राहिला वयाचा प्रश्न. लेबलवरचा १६ हा आकडा बाटलीत मिसळलेल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय सांगतो, आणि ते पिंपातले वय असते. बाटलीत व्हिस्की मुरत नाही. आकडा मोठा म्हणजे चव श्रेष्ठ, हे मला मान्य नाही. जास्त मुरलेल्या काही माल्टमध्ये लाकडाचा तुरटपणा बार्लीला गिळून टाकतो. शिवाय मुरण्याचा वेग हवामानावरही अवलंबून असतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के व्हिस्की उडून जाते, तर गोव्याच्या उष्ण हवेत हे प्रमाण कित्येक पट असते आणि लाकडाचा अर्कही लवकर उतरतो. त्यामुळे तेथील पॉल जॉन ही सिंगल माल्ट कमी वर्षांतही भरदार लागते. तिचा पीटेड प्रकार मिळाल्यास लागावुलिनसोबत, पण लागावुलिनच्या आधी, अवश्य चाखून पाहावा.