दबाव, दडपण, गळचेपी की मुस्कटदाबी?

प्रश्न असा आहे : ‘शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी विद्यापीठांत तत्त्वज्ञानाची मुस्कटदाबी झाली’ हे वाक्य बरोबर आहे का? ‘गळचेपी’ जास्त योग्य ठरेल का? प्रश्नकर्त्याला ‘राजकीय दबाव’ मिळमिळीत वाटतो.

आधी मुस्कटदाबी. मुस्कट म्हणजे तोंड, जबडा. ‘मुस्कटात भडकावली’ यातलं तेच. म्हणजे दाबणारा हात हवा आणि बोलू पाहणारं तोंडही हवं. म्हणून मुस्कटदाबी माणसांची होते, विरोधकांची होते, वृत्तपत्रांची होते. एखाद्या विषयाची मुस्कटदाबी कानाला खटकते. विचारांची, अभिव्यक्तीची होते ती गळचेपी. कम्युनिस्ट राजवटीतल्या चेकोस्लोव्हाकियात तत्त्वज्ञ यान पाटोचका यांना १९७२ मध्ये सक्तीने निवृत्त केलं. मग ते खासगी घरांत शिकवत राहिले. ‘चार्टर ७७’ या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे प्रवक्ते झाल्यावर पोलिसी चौकश्यांचा ससेमिरा मागे लागला, आणि त्या चौकश्या चालू असतानाच मार्च १९७७ मध्ये ते वारले. इथे मुस्कटदाबी खुशाल म्हणावं.

नोकरी गेली की बातम्यांत सरसकट ‘हकालपट्टी’ छापतात. त्यातही फरक आहेत. जर्मन तत्त्वज्ञ ख्रिस्तियान वोल्फला १७२३ मध्ये प्रशियाच्या राजाने ४८ तासांत मुलूख सोडायला सांगितलं, नाहीतर फाशी. ही हद्दपारी. वॉशिंग्टन विद्यापीठातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक हर्बर्ट फिलिप्स यांना कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य म्हणून १९४९ मध्ये काढलं, ती बडतर्फी. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलची न्यूयॉर्क सिटी कॉलेजातली नेमणूक १९४० मध्ये न्यायालयाने रद्द केली आणि महापौरांनी त्या पदाची तरतूदच अंदाजपत्रकातून काढून टाकली. जो रुजूच झाला नव्हता त्याची हकालपट्टी कशी होणार? तिथे ‘नेमणूक रद्द’ एवढंच लिहावं. शब्द थंड आहे, पण खरा आहे.

आता खरी गोम : दबाव आणि दडपण. दबाव कोणीतरी आणतं किंवा टाकतं. कर्ता दाखवता येतो. दडपण वाटतं, मनावर असतं. ‘मला दडपण वाटतं’ सहज म्हणतो. ‘मला दबाव वाटतो’ म्हणताना जीभ अडखळते. १७९४ मध्ये प्रशियाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म दुसरा याने धर्मावरच्या लिखाणाबद्दल तत्त्वज्ञ कांटला ताकीद दिली. हुकूम आहे, तारीख आहे, राजाचं नाव आहे : हा दबाव. कांटने ‘महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन म्हणून’ यापुढे धर्मावर लिहिणार नाही असा शब्द दिला. १७९७ मध्ये महाराज वारले. आपला शब्द त्या महाराजांपुरताच होता, असं म्हणून कांटने पुढच्याच वर्षी तो विषय पुन्हा छापून काढला. दबावाचं हे वैशिष्ट्य : आणणारा गेला की दबाव उठू शकतो.

दडपणाला असा मालक नसतो. विद्यार्थी प्रबंधाचा विषय घेऊन जातो आणि मार्गदर्शक म्हणतात, ‘हा विषय आत्ता नको, नोकरी लागल्यावर बघ.’ या वाक्यात मनाई कोणाची ते सांगा! सरकार नाही, कुलगुरू नाही, कायदाही नाही. निवड समिती, नियतकालिकाचे परीक्षक, अनुदान देणारी संस्था, प्रत्येकजण ‘दुसरा काय म्हणेल’ याचा अंदाज घेऊन जपून वागतो, आणि काही वर्षांत अभ्यासक्रमाचा तोंडवळा बदलतो. सोव्हिएत संघात द्वंद्वात्मक भौतिकवाद, म्हणजे मार्क्सवादाचं अधिकृत तत्त्वज्ञान, शिकण्याची उघड सक्ती होती, पण त्या सक्तीतून पडलेल्या दडपणाने अनेकांना तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचा इतिहास अशा कमी धोक्याच्या कोपऱ्यांत नेलं.

अमेरिकेतही तसंच घडलं, राजकारणाशी संबंध नसलेलं भाषा-तर्काचं तत्त्वज्ञान त्यामुळेच वर आलं, असं काही अभ्यासक मानतात. मला हे अर्धंच पटतं. त्या विचाराचे कार्नापसारखे बिनीचे लोक नाझींच्या उदयानंतर, १९३०च्या दशकातच युरोप सोडून तिथे पोचले होते. तेव्हा ‘दडपणामुळे’ न लिहिता ‘दडपणाचाही वाटा होता’ लिहावं. त्या ‘ही’मुळे वाक्य वादात टिकतं.

प्रश्नातलं वाक्य फोडूनच लिहावं लागेल. फिलिप्स बडतर्फ झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठात कम्युनिस्टविरोधी शपथेची सक्ती झाली आणि १९५० मध्ये ३१ अध्यापकांना शपथ न घेतल्याबद्दल काढलं. बाकीच्यांवर दडपण आलं. एकाच शब्दात कोंबायचंच असेल तर ‘गळचेपी’ चालेल, पण मग पुढच्या वाक्यात कोणी आणि कशी केली ते सांगायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते.

‘दडपशाही’ इथे घेऊ नये. ‘शाही’ लागली की ती राज्य चालवण्याची रीत होते. पाटोचकांच्या देशातल्या तेव्हाच्या राजवटीला तो शब्द लागू पडतो, एका विद्यापीठाच्या नियामक मंडळाला नाही.