टेकन ३ मधला जिन काझामा पुढच्या भागांत कमकुवत का करण्यात आला?

टेकन या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या मालिकेतला लढवय्या जिन कमकुवत झाला, हे गृहीतच मला मान्य नाही. त्याचे डाव बदलले, आणि त्या बदलाला कथेतलेही कारण होते व खेळाच्या रचनेतलेही. हा प्रश्न वाचून मला गप्प बसवले नाही, कारण नेमका हाच वाद आमच्या घरात वर्षानुवर्षे चालत आला आहे.

निपाणीचा माझा आतेभाऊ सुट्टीत बेळगावला आला, की आम्ही दोघे खडेबाजाराजवळच्या एका गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये जाऊन बसत असू. तिथे प्लेस्टेशनवर टेकन ३ चालायचा. तिथल्या जॉयपॅडवरचे त्रिकोणाचे चिन्ह पार पुसून गेले होते, कारण उजव्या हाताचा ठोसा त्याच बटणावर असे आणि प्रत्येकाला जिनचा इलेक्ट्रिक विंड गॉड फिस्ट साधायचा असे. आधी पुढे दाबायचे, मग अंगठा सोडायचा, मग खाली, मग खाली-पुढे, आणि या शेवटच्या दिशेबरोबर त्याच क्षणी ठोसा. त्याच क्षणी म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात. आतेभावाला ते हमखास जमायचे. निळी वीज चमकून समोरचा हवेत उडाला, की तो मागे उभ्या असलेल्या पोरांकडे वळून पाहायचा. त्याने ती शाबासकी मेहनतीने कमावली होती, यात मला कधीच शंका वाटलेली नाही.

पुढे टेकन ४ हाती आला, तेव्हा त्याने सवयीने जुनीच बटणे दाबली, जिन भलतेच काही करू लागला, आणि जॉयपॅड माझ्या मांडीवर टाकून त्याने निकाल दिला, "जिनची पार वाट लावली की रे ह्यांनी!" तो निकाल त्याने आजतागायत बदललेला नाही.

हा निकाल साफ चुकीचा आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी खुद्द आजोबा हेइहाचीने जिनवर गोळी झाडली. त्यानंतर जिनने आजोबांच्या मिशिमा घराण्याची विद्या टाकून दिली, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला जाऊन पारंपरिक कराटे नव्याने शिकून घेतले आणि चौथ्या भागात तो तेच घेऊन उतरला. तालीम सोडून दुसऱ्या वस्तादाकडे गेलेला पैलवान जुन्याच डावांवर विसंबून आखाड्यात उतरत नाही, एवढे तर आमच्या सीमाभागात कोणालाही कळावे. शिवाय तिसऱ्या भागात नसलेला बाप काझुया चौथ्यात परत आला होता. आजोबा, बाप आणि मुलगा असे तिघेही एकाच पठडीतले झाले असते, तर मुलाला निवडण्याचे कारणच उरले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ताकदीचेच म्हणाल, तर टेकन ४ मधला जिन त्या भागातल्या सर्वांत बलाढ्य लढवय्यांत गणला जातो. आतेभावाने त्याला शिकण्याआधीच सोडले.

तिसऱ्या भागातले डावही नाहीसे झालेले नाहीत. २००५ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या टेकन ५ मध्ये डेव्हिल जिन, म्हणजे जिनचे सैतानी रूप, हा स्वतंत्र लढवय्या म्हणून आला आणि जिनची जुनी पद्धत बहुतांशी त्याच्याकडे गेली. तुम्हाला जुना जिनच हवा असेल, तर सरळ डेव्हिल जिन निवडा.

मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे, की चौथ्या भागातला जिनचा वरचष्मा पुढे तसाच राहिला नाही. कोणत्या ठोशाने किती इजा व्हावी आणि तो चुकल्यास समोरच्याला किती सवड मिळावी, हे प्रत्येक नव्या भागात नव्याने ठरवले जाते, आणि ते सगळ्याच लढवय्यांच्या बाबतीत होते. खेळही तोच राहत नाही: टेकन ३ मध्ये उंच उड्या कमी करून बाजूला सरकण्याची सोय सर्वांना देण्यात आली, तर चौथ्यात भिंती आल्या. एखाद्या भागात जिन मार खातो असे वाटले, तर त्यात तुमच्या समजुतीची चूक असेलच असे नाही. पण मत बनवण्यापूर्वी प्रॅक्टिस मोडमध्ये जाऊन त्या भागातली डावांची यादी वरपासून खालपर्यंत स्वतः करून पाहा, आणि जुनी बटणे चालत नाहीत एवढ्यावरून निर्णय देऊ नका. २०२४ साली आलेल्या टेकन ८ बाबत मी आतेभावालाही हेच सांगितले आहे. त्याने यादी अजून उघडलेली नाही.