कॉक्लिअर इम्प्लांटचा खर्च मुलीसाठी करावा की वडिलांसाठी?

तुमची मुलगी दीड वर्षाची, जन्मापासून ऐकू येत नाही. तुमचे वडील 66 वर्षांचे, तीन वर्षांपूर्वी दोन्ही कान गेले आणि श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही. हाताशी पैसे एकाच इम्प्लांटपुरते, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या, आवाजाचे संकेत थेट श्रवणाच्या नसेला देणाऱ्या एकाच यंत्रापुरते. मी स्वतः इम्प्लांट केलेल्या मुलाची आई आहे, म्हणून सांगते: मुलीचं आधी करा आणि लवकर करा. वडिलांच्या डोक्यात भाषा आहे, त्यांना फक्त आवाज परत हवाय. तिला त्या आवाजातूनच भाषा घडवायची आहे आणि त्याची वर्षं निघून चालली आहेत.

पण वडिलांवरचा खर्च वाया जातो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यायचे हे नाइस ही संस्था ठरवते. 2009 साली तिच्यापुढे हाच हिशोब आला. चांगल्या प्रकृतीचं एक वर्ष पदरात पडायला एका कानाच्या इम्प्लांटचा खर्च जन्मतः कर्णबधिर मुलांमध्ये सुमारे 13,400 पौंड आणि मोठेपणी बहिरेपण आलेल्यांमध्ये सुमारे 14,200 पौंड निघाला. तेव्हा तिथे 20 ते 30 हजार पौंडांपर्यंतचा खर्च साधारणपणे रास्त मानत. म्हणजे मुलं आणि मोठी माणसं यांत फरक जवळजवळ नाहीच! दुसऱ्या कानाचा खर्च मात्र त्या मानाने महाग पडतो. मुलांना दोन्ही कानांचं एकदम मंजूर झालं, मोठ्यांना बहुधा एकाच कानाचं.

म्हणून तुमचे पैसे लगेच मोडू नका. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत पाच वर्षांखालच्या मुलांना इम्प्लांट मिळतं, उत्पन्नाची अट आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांवरची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करा. तिथून मुलीचं झालं, तर हातातले पैसे वडिलांसाठी आणि थेरपीसाठी उरतील.

थेरपीचं, म्हणजे ऐकायला-बोलायला शिकवण्याच्या सरावाचं, मुद्दाम लिहिते, कारण आम्हाला ऑपरेशनआधी कुणी नीट सांगितलंच नाही. स्विच-ऑन झालं, म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू केलं, त्या दिवशी माझा मुलगा नुसता रडला. पहिला शब्द यायला आठ महिने लागले. आठवड्याला दोन दिवस थेरपी, घरी रोज तासभर, अधूनमधून मॅपिंग, म्हणजे यंत्राचे आवाज मुलाला जुळवून घेणं. वॉरंटी संपल्यावर कॉईल, केबल, बॅटऱ्या सगळं आपल्या खिशातून आणि पुढे कधीतरी प्रोसेसर (कानाबाहेर लावायचा भाग) बदलायचा तर खर्च लाखांत. त्यासाठी महिन्याला थोडे पैसे आत्तापासूनच वेगळे ठेवा.

बेरा टेस्टचा (मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे बघणारी श्रवणचाचणी) रिपोर्ट आणि उत्पन्नाचा दाखला याच आठवड्यात काढून घ्या. आमचे दोन महिने त्या दाखल्यापायी गेले.